बक्षीस दिलेला कारखाना

३ फेब्रुवारी

चि. बारकीस, दादाचे अ. आ.

तुझं पत्र पोचलं. माझा दमा तुझ्या काळजीला घाबरून जरा नरमला आहे. तुझी वहिनी मला रोज भाजी निवडायला बसवते आणि वर माझ्या निवडण्याला नावं ठेवते.

सुतारकामाचा कारखाना लेकीच्या नावे करून बरेच दिवस झाले. मी गेल्यावर वारसाकर भरण्यासाठी तिला जागा विकावी लागू नये, म्हणून हयातीतच बक्षीसपत्र करायला तूच सांगितलंस. दिलेली जागा देणाऱ्याने सात वर्षांच्या आत वापरली तर कर खातं ते बक्षीस धरत नाही, हेही बजावलंस. मी ते कसोशीने पाळतोय. कारखान्याच्या गल्लीतून जायचं झालं तर पलीकडच्या कडेने जातो. करवतीचा आवाज आला की पाय अडखळतात, पण आत जात नाही. लेकीला कारण सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती हट्टाने ओढून नेईल आणि मी जाईन.

मुदत सरली की तिच्या शेजारी बसून काम करायचं, एवढ्याच आशेवर आहे. तुझी माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दादा

२० मार्च

ती. दादास, बारकीचा सा. न. वि. वि.

नियम बदलला. छोट्या कारखान्यांना यापुढे वारसाकर माफ. बक्षीसपत्र केलं नसतंस तरी चाललं असतं. करसल्लागार म्हणून हे लिहिताना मला लाज वाटते.

त्याहून तुझ्या पत्राने माझी झोप उडाली. अरे, तिथे पूर्वीसारखा धंदा करू नकोस, एवढंच मी म्हटलं होतं. लेकीकडे घटकाभर बसून चहा प्यायला कुणाची बंदी होती? लहानपणी आईने अंगणात जाऊ नकोस म्हटलं की तू खिडकीतही बसायचा नाहीस. हे ठाऊक असून मी नीट समजावलं नाही, याचं फार वाईट वाटतं.

आता पत्र ठेव आणि जा. वहिनीला नमस्कार. रागावलास तरी पत्र थांबवू नकोस.

तुझी बारकी

२ एप्रिल

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

परवा बाबा कारखान्यात आले. दारातच उभं राहून, कामाला माणूस हवा आहे का म्हणून विचारलं. मी हत्यारं खोक्यांत भरत होते.

आत्या, माझं काम बाबांना पसंत नाही असंच मी धरून चालले होते. पहिलं कपाट केलं तेव्हा बघायला बोलावलं, तर गुडघे दुखतात म्हणाले. त्याच संध्याकाळी ते मला बाजारात दिसले. मग मी बोलावणं सोडलं. हळूहळू कामावरून मनच उडालं. गेल्या महिन्यात कारखाना विकला आणि त्यांना कळवलंही नाही. त्यांनी केव्हाच हात झटकले, असं वाटत होतं.

विकल्याचं ऐकून ते रागावले नाहीत. कराचं, मुदतीचं, सगळं सांगितलं. मग नव्या मालकाची हरकत नसेल तर आजचा दिवस इथे काम करू दे म्हणाले. मी फोन करून विचारलं. तो भला माणूस लगेच हो म्हणाला.

संध्याकाळपर्यंत आम्ही शेजारी शेजारी बसून एका गिऱ्हाइकाची खुर्ची पुरी केली. मी केलेल्या सांध्यावरून बाबांनी अंगठा फिरवला आणि झकास बसलाय म्हणाले. एवढं त्यांनी आधी म्हटलं असतं, तर मी कारखाना विकलाच नसता.

तुझ्यावर राग नाही. माझ्यावरही धरू नकोस.

तुझी भाची