बेचाळिसाव्या पुस्तकाचं कव्हर

दादा,

मी परत हॉस्पिटलात जातेय. पोळीभाजी ओट्यावर आहे, खाऊनच ये.

बाबांच्या त्या भुताखेतांच्या लेखकाचं एक्केचाळिसावं पुस्तक काल वाचून संपवलं. अजून एकोणीस राहिलीत आणि डॉक्टर म्हणतात, फार तर दोन दिवस. कपाटातलं शेवटचं, साठावं घेऊन ये, पण त्याला बेचाळिसाव्याचं कव्हर घाल. अक्षरं दिसत नसली तरी कव्हर बघितल्याशिवाय ते ऐकत नाहीत. मधली गाळल्याचं त्यांना कळायला नको.

आणि वाचायला तूच बस. माझ्याच्यानं होत नाही. काल भूत दारात येतं त्या पानावर माझा आवाज कापायला लागला, तर माझा हात धरून म्हणाले, "घाबरू नकोस गं, गोष्टच आहे."