धुतलेला स्पंज

प्रिय ताई,

आधी बॅग खाली ठेव आणि बसून वाच, पत्र जरा लांबलंय. पहिली बातमी चांगली आहे: जावई जेवायला लागला. तुझा नवरा नव्हे, तो कधी जेवायचा थांबला होता? माझ्या टाकीतल्या दोन ॲक्सोलॉटलांपैकी काळा. कोपऱ्यात बसून तो सगळ्यांकडे बघत हसतो आणि घास तोंडापुढे आल्याशिवाय हलत नाही, म्हणून आईनं त्याला हे नाव ठेवलं होतं. तू तेव्हा हसली नव्हतीस. तू त्यांना मासेच म्हणत आलीस. चार पाय, मानेपाशी पिसांसारखे बाहेर आलेले कल्ले, डोळ्यांना पापणी नाही. असल्या प्राण्याला मासा म्हणणं तुलाच जमतं.

माझं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा आठ दिवस माझ्या घरी येऊन राहशील का, असं मीच तुला विचारलं होतं. तू लगेच हो म्हणालीस, ते मी विसरलेले नाही. आईची औषधं, तिच्या गुडघ्याचं तेल, टाकीची काळजी, सगळं मी कागदावर लिहून फ्रिजवर लावलं. गांडूळ दिवसाआड एकच, तेही धुऊन आणि तुकडे करून. उकाडा वाढला तर पाण्यात बर्फाची बाटली सोडायची, कारण यांना गारवा लागतो. आणि खाली लाल शाईनं: फिल्टरच्या स्पंजला हात लावू नकोस. त्याचं कारण मी लिहिलं नाही, हीच माझी चूक. तुला कारण न देता काही सांगणं म्हणजे पोराला मिठाईचा डबा दाखवून उघडू नको म्हणण्यासारखं आहे.

मी घरी आले तेव्हा स्वयंपाकघर चकचकीत होतं आणि टाकीची काच नव्यासारखी. तळाशी पाहुणी उलटी पडली होती. पाहुणी म्हणजे पांढरी, आई रोज सकाळी जिच्याशी बोलायची ती. जावयाचे कल्ले झडून नुसते खुंट उरले होते आणि पोटावर लाल चट्टे उठले होते. पोटाला टाके असताना मी जमिनीवर बसून पाणी तपासलं. नळीत औषधाचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर विष. ते गर्द हिरवं झालं. तू दारात उभी राहून म्हणालीस की बहुतेक उन्हानं झालं असेल. मला ते पटलं. इतकंच नाही, जाण्याआधी मीच जास्त खायला घातलं असणार, असं मी तुला रडत रडत सांगितलं. तू माझ्या पाठीवरून हात फिरवलास. त्या हाताचा मला आजही संताप येतो.

दहा दिवसांनी तू मामाला माझ्या घरी बोलावलंस, दादाला फोनवर घेतलंस आणि आईला आराम हवा म्हणून आतल्या खोलीत झोपवलंस. मग अगदी हळू आवाजात म्हणालीस, "जिच्या हातून दोन मासे जगत नाहीत, तिच्या भरवशावर आईला कसं ठेवायचं?" मामा चष्मा पुसत बसला. दादा म्हणाला, ताईचं म्हणणं बरोबर आहे. मलाही ते बरोबर वाटत होतं. त्याच रविवारी आई तुझ्याकडे गेली. निघताना तिनं टाकीच्या काचेवर बोट टेकवलं आणि जावई वळला की नाही हे न बघताच ती गाडीत बसली.

त्यानंतरचे नऊ आठवडे मी माझ्या घरात एकटी होते. टाकीत पाणी बदलूनही तो सुधारेना, तेव्हा जावयाला झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवलं, थंडाव्यानं त्याची जळजळ कमी व्हावी म्हणून. सकाळ-संध्याकाळ त्याचं पाणी बदलायचं, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन औषधाच्या थेंबांनी मारून आणि ते गार करून. दिवसभर दातांच्या लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या घासायच्या आणि घरी येऊन याच्या तोंडापुढे चिमट्यात गांडुळाचा तुकडा धरून बसायचं. तो तोंड फिरवायचा. इकडे रिकामी टाकी चालू ठेवून मी ती पुन्हा पिकवत होते. पिकवायची म्हणजे काय, ते आता ऐक, तेव्हा सांगायचं राहिलं. त्या स्पंजातला तपकिरी बुळबुळीत थर ही घाण नाही. तो जिवंत असतो. जनावराच्या विष्ठेतून होणारं विष तोच खातो. साचायला दीड-दोन महिने लागतात आणि साबणाच्या एका फेसात मरतो. आता तो पुन्हा साचलाय आणि जावई टाकीत परतलाय.

साबणाचं मला कसं कळलं, असं वाटतंय ना? दोन आठवड्यांपूर्वी मी तुझ्याकडे आले, तेव्हा तू गच्चीत पडदे वाळत घालत होतीस. आई पलंगावर ताठ बसली होती, चादरीला सुरकुती पडू नये म्हणून. तिची जुनी शाल नव्हती, डबीतली बटणं नव्हती, ते फाटकं पुस्तक नव्हतं. सगळं तू धूळ धरतं म्हणून टाकलंस. मी तिला जावयाचं सांगायला लागले, पाणी कसं बिघडलं कोण जाणे, म्हणाले. ती म्हणाली, "अगं, तुझ्या ताईनं तो बोळा भांड्यांच्या साबणानं धुतला होता, पांढराशुभ्र होईपर्यंत. मी म्हटलं होतं तिला, कागदावर लिहिलंय ना. तू घरी आलीस त्या सकाळी ती पांढरी उलटली, तेव्हा तुझी ताई म्हणाली, धाकटीला सांगू नकोस, उगाच वाईट वाटून घेईल." मी विचारलं, मग त्या दिवशी सगळ्यांपुढे का नाही बोललीस? ताई, तिचं उत्तर जसंच्या तसं लिहिते, कारण हे तुझ्यासाठीच आहे. ती म्हणाली, "मला कुणी बाहेर बोलावलं होतं? ती दिवसभर घर पुसते, टेबल पुसते, माझं तोंडसुद्धा पुसते. पण मला कुणी पुसत नाही."

म्हणजे तुला माहीत होतं. उन्हाचं नाव घेताना माहीत होतं, पाठीवर हात फिरवताना माहीत होतं आणि मामापुढे तो आवाज काढतानाही. चूक मी माफ केली असती. स्पंज कुणीही धुवेल. पण स्वतःची चूक माझ्या गळ्यात अडकवून तू त्याच्या बदल्यात आई नेलीस. त्या दिवशी मी गच्चीत आले, तुझ्या हातून दोन चिमटे घेतले आणि पडदे छान निघालेत म्हणाले. तेवढं गोड मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. मला वाट बघायची होती आणि वाट बघायला मी जावयापुढे बसून शिकले होते.

मग तूच फोन केलास, तुम्ही दोघं तीन दिवस बाहेर जाताय, मी येऊन आईपाशी राहीन का म्हणून. मी लगेच हो म्हणाले, अगदी तुझ्यासारखं. पहिल्या दिवशी मी आईला विचारलं, कुठे राहायचंय? तिनं चप्पल मागितली. तरी मी दोन दिवस थांबले आणि रोज पुन्हा विचारलं, उद्या कुणी म्हणायला नको की मी तिला फूस लावली. काल तिनं स्वतः दादाला आणि मामाला फोन लावला आणि साबणापासून सगळं सांगितलं. मामानं तुझा नंबर मागितला, त्याच्याकडे असूनही. हे पत्र मी आईच्या उशीवर ठेवून चाललेय, म्हणजे तू तिच्या खोलीत शिरशील तेव्हाच तुला मिळेल. खाली गाडी उभी आहे आणि आई केव्हाची तिच्यात बसली आहे, मागे एकदाही न बघता. तुला वाईट वाटावं म्हणूनच हे इतकं सविस्तर लिहिलं, खोटं कशाला बोलू? भेटायला ये, तुझीही आई आहे. पण येण्याआधी फोन कर. मी तिला विचारेन, आणि ती हो म्हणाली तर दार उघडेन.

तुझीच,
धाकटी