टाकीतला थोरला दगड

मी, देवराम सावळीराम गतीर, वय ७२, निवृत्त भूकरमापक, राहणार इंदिरानगर, नाशिक, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो देण्यापूर्वी डॉक्टरांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला आणि त्यांच्या दवाखान्यातल्या माशांच्या टाकीत शेवाळ का माजले आहे तेही सांगितले. माझ्या डोक्याबद्दल पत्नी लताबाई यांचे मत वेगळे आहे, पण ते त्या चौदा वर्षे घरातल्या माझ्या टाकीकडे बोट दाखवून मांडत असल्याने येथे विचारात घेतलेले नाही.

कलम १. राहता फ्लॅट व बँकेतील ठेवी माझ्या पश्चात लताबाईंच्या, आणि त्यांच्यानंतर मुलगा सुनील याच्या. दिवाणखान्यात जिथे माझी चार फुटी टाकी आहे, तिथे सुनीलला मोठा टीव्ही लावायचा आहे. त्याने गुपचूप भिंतीचे माप घेतले, तेव्हा मी झोपलो नव्हतो, डोळे मिटून पडलो होतो. माप अर्धा इंच चुकले आहे. टाकी हलवायची नाही, ही फ्लॅटची अट समजावी.

कलम २. माझी हत्यारे, म्हणजे लांब चिमटे, वाकडी कात्री, दगड घासायचे ब्रश आणि पाण्यातल्या झाडांना लागणाऱ्या गॅसचा सिलिंडर, आमच्या मत्स्यटाकी मंडळातील हर्षल याला द्यावीत. हर्षल मंडळाच्या प्रदर्शनात परीक्षक होता. त्याने माझ्या टाकीला दुसरा क्रमांक दिला आणि वर म्हणाला, "काका, मेन दगड जरा मध्येच आलाय." चौतीस वर्षे लोकांच्या जमिनी मोजलेल्या माणसाला हे ऐकावे लागले. तो दगड टाकीच्या डावीकडून बरोबर एक तृतीयांशावर आहे. माझी मोजणीची टेपसुद्धा हर्षललाच द्यावी.

दगडांची मांडणी कशी करायची हे त्याला पुन्हा सांगून ठेवतो. दगड नेहमी विषम संख्येत घ्यावेत. माझ्या टाकीत पाच आहेत. सर्वांत मोठा तो थोरला. तो थोडा कललेला हवा, पाण्याच्या धारेपुढे जरा झुकल्यासारखा. धाकट्याने त्याच्या जवळ राहावे, पण त्याला टेकू नये. बाकी तिघे कुठेही चालतात, तसे ते घरातही असतात. खालचे गवत चिमट्याने रोपांची एकेक चूड धरून लावावे, आमच्याकडे भाताची आवणी, म्हणजे लावणी, करतात तसे. नवा दगड आणला की त्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाकावेत. फेस आला तर दगडात चुना आहे, तो पाणी बिघडवतो. आणि दगड उचलण्याआधी तो कोणाचा आहे हे विचारावे. हे मला उशिरा सुचले.

कलम ३. थोरला दगड.

हा दगड माझा नाही. घोटीजवळच्या आमच्या वडिलोपार्जित शेताच्या बांधावरचा तो हद्दीचा दगड आहे. एका अंगाला मी, दुसऱ्या अंगाला धाकटा भाऊ गेणू. मी ओळखला नाही, असे लिहिणार होतो, पण मृत्युपत्रात खोटे लिहू नये. १९९८ साली वाटणी झाली, तेव्हा मीच तो रोवला होता.

२०१४ च्या भातकापणीला गेलो, तेव्हा पावसाने बांध खचून दगड आडवा झाला होता. सोळा वर्षे जमिनीत असलेला त्याचा भाग मी पहिल्यांदा नीट पाहिला. काळाभोर, आणि मधून गारगोटीची पांढरी रेघ. इतका देखणा दगड मी चौतीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नव्हता. तांदळाच्या पोत्यात घालून स्कूटरच्या पायांशी ठेवला आणि घरी आणला. पुढच्या फेरीला दुसरा दगड रोवून टाकू, असा विचार होता.

आठ दिवसांत गेणूचा फोन आला. "दादा, बांधावरला दगड जाग्यावर नाय. तू नेला का?"

मी घाबरलो. सगळ्या तालुक्याच्या हद्दी ठरवणारा मी. म्हणालो, "मी कशाला नेऊ? तूच सरकवला असशील."

तो "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला. त्याला अकरा वर्षे झाली. सुनीलच्या लग्नालाही तो आला नाही. लताबाईंना सगळे पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. त्या म्हणतात, "लोक चोरीचा माल लपवतात. तुम्ही त्याला रोज आठ तास दिवा लावता." मी ऐकून घेतो आणि पाणी बदलायला लागतो. मला गेणूची फार आठवण येते. टाकीसमोर बसलो की जास्त येते.

~~म्हणून माझ्या मृत्यूनंतर सुनीलने हा दगड गेणूकडे न्यावा, हे कलम त्याला मोठ्याने वाचून दाखवावे, आणि तो म्हणेल तिथे दगड रोवावा.~~

वरील ओळी खोडल्या आहेत. कारण पुढे आहे.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. एक हर्षल ठरला होता. दुसरा मी बघते, असे लताबाई म्हणाल्या. आज सकाळी दार उघडले तर गेणू उभा. चहा घेताना तो एकसारखा टाकीकडे बघत होता.

"दादा, ह्यो दगड वळखीचा वाटतो."

मी त्याच्या हातात कलम ३ दिले. त्याने ओळीवर बोट ठेवून दोनदा वाचले. मला वाटले, आता उठून जाईल.

"दगड गेल्यावर मी बांध दोन हात तुझ्याकडं सारला," तो म्हणाला. "रागानं सारला. मंग लाज वाटाया लागली. लग्नाला कोन्या तोंडानं येनार? दरसाल वाट बघायचो, आता दादा मोजनी आनंल अन् मला उघडा पाडंल. तू आला कसा नाय?"

"मोजणी कशी आणणार? मोजणीवाला आधी विचारतो, हद्दीचा दगड कुठंय."

लताबाई हसता हसता खाली बसल्या. मला आधी रडू आले, मग हसू आले. गेणूचेही तसेच झाले असावे, कारण तो बराच वेळ चष्मा पुसत होता.

कलम ४. ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी बजावले आहे. म्हणून कलम २ मधली हत्यारे व टेप हर्षलला सहीआधीच देऊन टाकली आहेत, आणि गेणूचे नाव वारसांतून काढले आहे. त्याने आपला वाटा आधीच घेतला आहे, मीही घेतला आहे. दोन हात जमीन त्याच्याकडे राहील, दगड टाकीत राहील, आणि बांधाची मोजणी कोणीही मागवू नये. मी असेपर्यंत आणि नंतरही, गेणू न विचारता कधीही या घरी येईल. सुनीलने त्याला टाकीसमोरची खुर्ची द्यावी.

हे सर्व वाचून, समजून, दोन साक्षीदारांसमोर सही केली आहे. नाशिक, रविवार, दिनांक १६ नोव्हेंबर २०२५.

(सही) देवराम सावळीराम गतीर

साक्षीदार १. (सही) हर्षल. देवरामकाकांनी माझ्यासमोर सही केली. टेप लावून पाहिली. दगड एक तृतीयांशावरच आहे.

साक्षीदार २. (सही) गेणू सावळीराम गतीर. दादानी माझ्यासमोर सही केली. टाकीत आवणी लय दाट झाली हाय. पुढच्या रविवारी येऊन विरळ करतो.