‘प्रोव्होक’ केल्याचा आरोप आणि माझा बचाव

तीर्थरूप मामांस,

वाकून नमस्कार (इतरत्र मी कुठेही वाकत नाही, हे तुम्ही जाणताच). गुडघा कसा आहे? मी खुशाल आहे, फक्त नोकरी धोक्यात आहे.

झालं असं, की पॅकिंगच्या बायका बाहेर बघतात म्हणून आमच्या मालकांनी कारखान्याच्या खिडक्यांना खिळे ठोकले. आत भट्टी झाली, दोघींना चक्कर आली. जेवणाच्या सुट्टीत मी कँटीनच्या टेबलावर चढून पाऊण तास बोललो. दुसऱ्या दिवशी हातात इंग्रजी आरोपपत्र: मी कामगारांना ‘प्रोव्होक’ केलं! तुम्ही जन्मभर इंग्रजी शिकवलंत, तुम्हाला अर्थ काय सांगायचा. पण तुम्हीच दिलेला शब्दकोश म्हणतो, की समोरच्याच्या मनात राग, हसू, विचार, काहीतरी चेतवणं म्हणजे प्रोव्होक. (वापराबद्दल मात्र कोश गप्प आहे. खिळे ठोकणाऱ्याला हे क्रियापद कधीच लावत नाहीत. खिळे दिसले असं म्हणणाऱ्यालाच लावतात.) म्हणजे नुसतं ओरडून भागत नाही, समोर कुणीतरी पेटायला हवं. चौकशीत मी तेवढाच मुद्दा धरला: कोण पेटलं, दाखवा!

साक्षीदार आले. मशीनवाला म्हणाला, “छान बोलतो हो. डबा कसा निवांत संपला.” पॅकिंगची आक्का म्हणाली, “मला वाटलं, कुणाचा तरी निरोपसमारंभ आहे. टाळ्या वाजवल्या की मी!” चौकशी अधिकारी आरोप रद्द करायला पेन उघडतच होते. मामा, मी तेव्हा गप्प बसायला हवं होतं. पण ज्या भाषणासाठी मी रक्त आटवलं, त्याने एकाच्याही अंगावर काटा येऊ नये, आणि तसं सहीशिक्क्यानिशी नोंदवलं जावं? मी खुर्चीवर चढलो आणि सगळं भाषण पहिल्यापासून केलं. आक्का पेंगली. मशीनवाल्याने घड्याळ पाहिलं. अधिकारी मात्र विसाव्या मिनिटाला लालबुंद झाले, फाइल आपटून ओरडले, “झालं सिद्ध! मी झालो प्रोव्होक!”

निकाल सोमवारी. खिडक्या अजून बंदच.

तुमचा (तूर्त निलंबित) भाचा

ता. क. सोमवारी साक्षीला याल ना? वीस वर्षं मी तुमच्या बैठकीत भाषणं करतोय आणि तुमच्या मनात कधी काहीही हललं नाही, एवढंच शपथेवर सांगायचं.

आणखी ता. क. मामींना मात्र आणू नका. मी दारात चपला काढायच्या आत त्या भडकतात, आणि शपथेवर खोटं बोलायची त्यांना सवय नाही.