जुन्या गाडीचे पंचवीस सेकंद

ओजिमा, टोकियो
मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५

ती. हेमचंद्रदादांना सुशांतचा नमस्कार.

काल वहिनींचा फराळ पोचला. यंदा बाबांचं वर्ष असल्यामुळे आमच्याकडे दिवाळी नाही, हे त्यांनी लक्षात ठेवून कोबेहून डबा पाठवला. नेत्राला भरून आलं. लेक यामिनीनं उभ्याउभ्या चार चकल्या संपवल्या आणि जपानीत ‘ओइशी!’, म्हणजे मस्त, म्हणून मोकळी झाली. ती हल्ली मराठीत फक्त भांडते. विभावहिनींना सांगा, चिवडा अगदी आमच्या आईच्या हातचा वाटला.

डब्यात वहिनींची चिठ्ठी होती, तुमची नव्हती. तुम्हाला पाठवलेल्या अकरा मेसेजना निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही. फोन वाजून बंद होतो. म्हणून हे पत्र. कागद वाचला की नाही ते निदान मला कळणार नाही, तेवढंच बरं.

इकडे सगळं ठीक आहे. थंडी सुरू झाली. आपल्या सोसायटीखालच्या कोनबिनी दुकानातली ती हसरी बाई अजून तुमची चौकशी करते. कारखान्यातून मेट्रोच्या नव्या गाड्या आल्या, जुन्यांपैकी आता चारच उरल्यात. मी परवा मुद्दाम एकीत बसलो. ड्रायव्हरच्या मागच्या काचेशी, आपल्या नेहमीच्या जागी.

ठीक आहे असं लिहिलं खरं, पण नाही. शुक्रवारी सकाळी दहाला माझी दुसरी चौकशी आहे. त्यात अहवालावरचा शिक्का माझा का, हे विचारणार आहेत. माझ्या उत्तरावर माझी इथली नोकरी आणि नाव, दोन्ही अवलंबून आहेत. आणि तुमचंही.

दादा, तो ऑक्टोबर आठवतो? गेल्या वर्षीचा. मेट्रोच्या नव्या वेळापत्रकासाठी गाड्यांचा वेग मोजायचं काम आपल्या ऑफिसकडे होतं. त्या काचेतून वेगाचा काटा दिसायचा. तुम्ही काट्यावर डोळा ठेवून पुटपुटायचात, “वीस. चाळीस. पन्नास. साठ!” आणि मी स्टॉपवॉच दाबून सेकंद सांगायचो; वहीत कधी तुम्ही लिहायचात, कधी मी. शेजारचे आजोबा आपल्याला गाडीवेडे समजून लिमलेटच्या गोळ्या द्यायचे. नव्या गाडीचं काम सोपं होतं, ती कागदाबरहुकूम पळायची. जुनीचा प्रश्न होता. कारखान्याच्या कागदावर लिहिलेलं, दर सेकंदाला ताशी तीन किलोमीटरनं वेग वाढतो. म्हणजे शून्यापासून साठला वीस सेकंद. आपण सेहेचाळीस वेळा मोजलं. भरलेल्या गाडीला पंचवीस लागायचे, चढावर सव्वीसही. पंचेचाळीसच्या पुढे काटा असा रेंगाळायचा की तुम्ही म्हणायचात, “चल गं म्हातारे, चल.” सर्वाधिक वेग पंच्याहत्तर, असं दाराशेजारच्या पाटीवर होतं. दोन स्टेशनांच्या मध्ये तिला अडुसष्टच्या पुढे गेलेली आपण एकदाही पाहिली नाही.

स्टेशनामागे साडेतीन-चार सेकंद. वीस स्टेशनांत सव्वा मिनिट. आपल्याकडे सव्वा मिनिटाला कुणी विचारत नाही. इथे वेळापत्रक पंधरा-पंधरा सेकंदांच्या मापानं आखतात, हे तुम्हीच मला शिकवलंत. म्हणून मी अहवालात पंचवीस लिहिलं आणि त्यावर शिक्का मारायच्या आत पुण्याहून फोन आला की बाबांना दवाखान्यात हलवलंय.

त्या संध्याकाळी मी माझा सहीचा शिक्का तुमच्या हाती दिला. स्वतःच्या नावाचा शिक्का दुसऱ्याला द्यायचा नाही, हे इथे शाळकरी पोरांनाही कळतं. मला कोण म्हणालं होतं? तुम्हीच. चौदा वर्षांपूर्वी ऑफिसातले वरिष्ठ म्हणून मला विमानतळावरून आणलंत, आणि दुसऱ्या दिवशी त्या छोट्याशा दुकानात नेऊन माझ्या नावाचा शिक्का करून घेतलात. जपानी अक्षरांत ‘सुशान्तो’. खोका माझ्या हातात ठेवून म्हणालात, “हे आता तुझं इथलं नाव. जीवापाड जप.” मग तुम्हाला देताना माझ्या मनात शंका कशी यावी? तुमच्याच हातून तर तो माझ्याकडे आला होता. तुम्ही म्हणालात, “अरे, अहवाल तसाच पुढे पाठवतो. तू बिनघोर जा.”

बाबा नऊ डिसेंबरला गेले.

मार्चमध्ये नवं वेळापत्रक लागलं. एप्रिलपासून जुन्या गाड्या उशिरा यायला लागल्या. जूनमध्ये तुम्ही कोबेला नवी नोकरी धरलीत. निरोपाच्या जेवणात मी भाषण केलं आणि रडलोही. सप्टेंबरमध्ये ग्राहकांनी, म्हणजे मेट्रो कंपनीनं, आमचा अहवाल पुन्हा काढला. त्यात जुन्या गाडीपुढे वीस सेकंद, सर्वाधिक वेग पंच्याहत्तर, आणि खाली माझा शिक्का.

आता जे तुम्हाला सांगायचं टाळत होतो ते लिहितो. पहिल्या चौकशीत मी कबूल केलं, दादा. मला वाटलं, बाबांच्या धावपळीत मीच चुकीचा मसुदा ठेवून गेलो असेन. तुमच्यावर संशय घ्यायचं डोक्यातसुद्धा आलं नाही. मी उभा राहून कमरेत वाकलो आणि म्हणालो, चूक माझी.

समोर किनोशिता-सान बसले होते. जुन्या गाड्या चालवणारे, येत्या मार्चला निवृत्त होणारे. उशीर त्यांच्या नावावर लागत गेला. चारदा ताकीद मिळाली, आणि ऑगस्टमध्ये गाडीवरून काढून हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसवलं. ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, “मला वाटलं, माझाच हात मंदावला. घरी जेवणाच्या टेबलावर हँडल ओढायचा सराव करायचो. बायको शेजारी बसून सेकंद मोजायची.” मग त्यांनी विचारलं, “म्हणजे गाडीच तशी होती ना?”

मी ‘हो’ म्हणालो. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुसतच बसले.

गेल्या आठवड्यात अहवालाची प्रत माझ्या हातात आली. शिक्क्याशेजारी तारीख होती, दहा डिसेंबर. दादा, दहा डिसेंबरला सकाळी मी पुण्यात वैकुंठ स्मशानभूमीत अस्थी गोळा करत होतो. तिथेच तुमचा फोन आला. माझे हात राखेनं भरलेले, म्हणून सौमित्रनं फोन माझ्या कानाशी धरला. तुम्ही म्हणालात, “तू तिकडचं बघ. इकडे मी आहे.” धाकट्या भावासमोर मला तुमचा केवढा अभिमान वाटला होता.

फोन ठेवल्यावर मारलात, की आधी मारून मग फोन केलात? एवढंच मला रोज वाटत राहतं. तुम्ही ग्राहकांना वेळापत्रकात गाड्या वाढवून देण्याचा शब्द दिला होता आणि पंचवीस सेकंदांत तो बसत नव्हता, हे मला आता कळलंय. मला म्हणाला असतात, तर मी भांडलो असतो आणि तुमच्याबरोबर जाऊन माफीही मागितली असती. पण तुम्ही आकडा बदललात आणि नाव माझं लावलंत. तो काटा मी नव्हतो पाहत. तुम्ही पाहत होतात. सेहेचाळीस वेळा.

नेत्रा म्हणते, एवढं सरळ दिसत असताना आठ दिवस गप्प का बसलास? खरं सांगू? मी तुमच्या फोनची वाट पाहत होतो. चौदा वर्षं तुम्हाला दादा म्हटलंय, ते जिभेवरून एका दिवसात उतरत नाही. या पत्रातही पाहा, किती वेळा आलंय.

शुक्रवारी मी वही आणि पासपोर्ट घेऊन जाणार आहे. वहीत तुमच्या अक्षरातली पानं आहेत, पासपोर्टवर माझ्या येण्याजाण्याच्या तारखा. आहे ते सांगणार. किनोशिता-सानांना मार्चपर्यंत पुन्हा गाडी मिळावी असं लेखी मागणार. तुम्ही स्वतः येऊन सांगितलंत तर मला बोलावं लागणार नाही. कोबेहून पहिली शिन्कानसेन पकडलीत तर दहाच्या आत पोचाल. ती तरी कागदावरच्या वेगानं धावते.

वहिनींना यातलं मी काही कळवलेलं नाही. ते तुमचं तुम्ही बघा.

त्यांचा डबा धुऊन पुसून याच पार्सलात परत पाठवतोय. कुणाचा डबा रिकामा परत पाठवायचा नाही, ही आईची शिस्त. घरात सण नाही, गोडधोड काही केलेलं नाही, तेव्हा काय घालावं हा प्रश्न होता. तुम्ही दिलेला शिक्का त्यात ठेवलाय, त्याच्या खोक्यासकट. शुक्रवारी जबाबाखाली हाताची सही चालेल, मी विचारून घेतलंय.

इथेही हातानंच करतो.

बाबांनी ठेवलेल्या नावाचा,
सुशांत