घड्याळाच्या पाठीवरचा शिक्का

तीर्थस्वरूप मामांना भाच्याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? मामींचा खोकला थांबला का? आईची तब्येत ठीक आहे. ती रोज एकदा तुमचं कौतुक करते आणि एकदा तुमची चेष्टा करते, त्यावरून बरी आहे असं समजायला हरकत नाही. बाकी आम्ही सगळे सुखात आहोत. (हे वाक्य दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलं आहे, कागद तिथे जरा फाटला आहे, सांभाळून घ्या.)

पत्राला कारण असं काही नाही. तुम्ही दिलेलं घड्याळ उत्तम चालतं, एवढंच कळवायचं होतं. तुम्ही म्हणाल, सव्वीस वर्षांनी हे कळवायला पत्र कशाला? म्हणून मुळापासून सांगतो.

आमची लेक पुढच्या महिन्यात नोकरीसाठी परगावी चालली आहे. मला नोकरी लागली तेव्हा तुम्ही हे घड्याळ माझ्या मनगटावर बांधलंत, तसंच मी तिच्या मनगटावर बांधावं आणि सोबत तुमची गोष्टही तिला द्यावी, असं मनात होतं. मोठ्या हॉटेलच्या धुलाईखात्यात तुम्ही असताना एका परदेशी पाहुण्याच्या कोटावरचा डाग कोणालाच निघेना, तो तुम्ही काढलात आणि त्याने खूष होऊन हातातलं घड्याळ तुम्हाला काढून दिलं. (हा डाग मी लहानपणी ऐकला तेव्हा शाईचा होता, माझ्या लग्नात चहाचा झाला आणि लेक जन्मली त्या साली रक्ताचा. पण डाग बदलला तरी घड्याळ तेच राहिलं, म्हणून मी कधी मनाला लावून घेतलं नाही.)

तर पंधरा दिवसांपूर्वी माझा मेहुणा जेवायला आला. तुम्हाला त्याचा स्वभाव ठाऊक आहे, त्याला दुसऱ्याच्या घरातली वस्तू हातात घेतल्याशिवाय घास उतरत नाही. त्याने घड्याळ उलटंसुलटं केलं आणि म्हणाला, "दाजी, हे नकली आहे. अस्सलचा सेकंदकाटा सरकतो, तुमचा उड्या मारतो." मी म्हटलं, आमच्या मामांनी दिलंय. त्यावर तो म्हणाला, "मामा अस्सल असतील हो, मी घड्याळाचं बोलतोय." बायको हसली. लेकही हसली. मला भात गेला नाही.

त्या दिवसापासून माझं कशात लक्ष लागेना. सेकंदकाट्याकडे बघायचा मला नादच लागला. चष्मा लावला की काटा उड्या मारतो, चष्मा काढला की सरकतो. देवापुढे बसलो तर नामाऐवजी टिकटिक मोजत होतो. घड्याळ नकली निघालं तर पाहुण्याने मामांना फसवलं, की मामांनी आम्हाला, हा विचार डोक्यात आला आणि तो आल्याबद्दल मी देवाची क्षमा मागितली. तुमची आत्ता मागतो.

शेवटी वाटलं, आपण वजनमापं तपासणाऱ्या खात्यात आहोत. गावातल्या प्रत्येक दुकानदाराचा तराजू खरा की खोटा हे आपण सांगतो आणि स्वतःच्या मनगटावरच्या वस्तूबद्दल मेहुण्याचं ऐकून घेतो! मेहुण्याकडून अस्सल घड्याळाचं वजन विचारून घेतलं आणि गुरुवारी घड्याळ घेऊन कचेरीत गेलो. सोनारांची वजनं ज्यावर तपासतो त्या काचेच्या पेटीतल्या नाजूक काट्यावर ते ठेवलं. वजन तंतोतंत जुळलं. आनंदाच्या भरात मी ते बाजूच्या लाकडी तबकात ठेवलं आणि तेवढ्यात मोठ्या साहेबांनी बोलावलं म्हणून उठून गेलो.

इथे आमच्याकडची रीत सांगायला हवी. मी तपासलेली पितळी वजनं त्या तबकात ठेवतो आणि आमचा शिक्केवाला (त्याला सगळे ठोकेबुवा म्हणतात, माझ्याही आधीपासून तो खात्यात आहे) त्यांच्यावर ठसा धरून हातोडीने या वर्षाचा शिक्का उमटवतो. एकतीस वर्षं ठोकून ठोकून आता तो वस्तू बघत नाही, फक्त रिकामी जागा बघतो. मी परत आलो तेव्हा घड्याळ पालथं पडलं होतं आणि त्याच्या पाठीवर मधोमध आमचा शिक्का बसला होता, अगदी ठसठशीत. बुवा म्हणाला, "तुम्ही तबकात ठेवलंत, साहेब, म्हणजे तपासलेलं असणारच." खोटं तर तो बोलत नव्हता.

घड्याळ तरीही चालू होतं. पण एखादी वस्तू ठोकून घेतल्यावर तरी तिचा निकाल लागावा, म्हणून शनिवारी जुन्या घड्याळांची पारख करणाऱ्या एका बाईंकडे गेलो. चपलांच्या दुकानावर त्यांची खोली आहे. वय सत्तरीचं, डोळ्याला भिंग, बोलणं मोजकं. त्यांनी आधी पाठ बघितली आणि विचारलं, "हा शिक्का कसला?"

"आमच्या खात्याचा."

"कशासाठी मारलाय?"

"खरं आहे म्हणून."

"ते तर आधीपासूनच होतं," बाई म्हणाल्या.

मामा, घड्याळ अस्सल आहे! काट्याच्या उड्या बारीक असतात, त्या भल्याभल्यांना सरकल्यासारख्या दिसतात, माझा चष्मा नवा असल्यामुळे मला दिसल्या, असं त्यांनी समजावलं. त्यांच्या तोंडून ते ऐकताना तुमच्या आठवणीने माझे डोळे भरून आले. मग त्यांनी मागचं झाकण उघडलं. झाकणाच्या आतल्या बाजूला परक्या भाषेत बारीक अक्षरं कोरलेली निघाली. मी विचारलं नव्हतं, तरी त्यांनी अर्थ सांगितला. 'माझ्या नवऱ्याला, लग्नाच्या पंचविसाव्या वर्षी. हे कधी हातातून काढू नकोस.'

झाकण त्यांनी हळूच लावलं.

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "देतात हो काही नवरे बायकोने दिलेल्या वस्तू कोणालाही," आणि तिने माझ्यासाठी विणलेल्या, पण मी तिच्या भावाला दिलेल्या स्वेटरचा विषय निघाला. मेहुण्याला कळलं तर त्याने माफी मागितली, पण कशी? म्हणतो, "दाजी, चुकलो. मामा भारीच निघाले!" त्याच्या माफीपेक्षा त्याचं हसणं बरं होतं. आमच्या खात्यात तराजू तपासतात, दुकानदार तपासत नाहीत. ही केवढी मोठी सोय आहे ते मला आत्ता कळलं.

तर घड्याळ उत्तम चालतं. तुम्ही गुडघ्यांना जपा. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. मी तुम्हाला काही विचारत नाही, विचारणार नाही. फक्त त्या पाहुण्याचं नाव-गाव, निदान खोलीचा नंबर तरी आठवत असेल तर कळवावा. तो नसला तरी त्याची बायको असेल, तिला घड्याळ नेऊन देईन. शिक्क्याचं काय ते मी समजावून सांगेन. आणि हे घड्याळ तुम्ही बाजारातून नकली म्हणून घेतलं होतंत, असं तुम्ही एका ओळीत लिहिलंत, तर बाईंचं काही ऐकणार नाही, तुमचंच खरं मानीन.

ता. क. दुसरा. पत्र पाकिटात घालायच्या आधी लेकीने वाचलं. तिने घड्याळ हातात घालून बघितलं. सैल होतं. पट्ट्याच्या दोन कड्या काढाव्या लागतील म्हणाली. काढलेल्या कड्या कधीही परत बसवता येतात असं घड्याळजी म्हणाला, म्हणून तूर्त काढून घेतल्या आहेत.

ता. क. तिसरा. पत्ता आठवला नाही तर या वयात उगाच डोक्याला ताण देऊ नका. उत्तराची वाट बघतो. घाई नाही.