झडपेच्या दोन पाकळ्या

९ जुलै
दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात पोचेपर्यंत आज पुन्हा धाप लागली. जिन्याच्या वळणावर थांबले. गणिताचे सर मागून आले — "बाई, दोन घास कमी खा, जिना सोपा वाटेल." ते हसले. मीही हसले. सवयच झालीय.

१२ जुलै
नेहमीच्या डॉक्टरांकडे. मला दारात बघितलं आणि निदान झालं. "वजन उतरवा, धाप आपोआप जाईल." नळी त्यांच्या गळ्यातच. चक्कर येते म्हटलं, तर "रोज चालत जा." चालते की! कोणाला खरं वाटतंय?
घरी आई — "धाकटीला बघ. रोज पहाटे पळून येते." माझी बहीण. शिडशिडीत. तिला कुणी काही सांगत नाही.

२० जुलै
शिकवता शिकवता फळ्यापाशीच कोसळले.

२१ जुलै
मोठं हॉस्पिटल. डॉक्टरीण नवी, माझ्याहून लहान. मी आधीच सांगून टाकलं — वजनाचं माहीत आहे मला. म्हणाली, "ते नंतर बोलू. आधी ऐकू तर द्या." नळी लावली. डोळे मिटून कितीतरी वेळ ऐकत राहिली. मग छातीवर गार जेल लावलं आणि मशीनचा पडदा माझ्याकडे वळवला.

माझं हृदय. इतकी वर्षं मुलांना खडूने काढून दाखवत आले — चार कप्पे, झडपा, बाण. ते असं असेल, कधी वाटलं नव्हतं. काळोखात उघडतंय, मिटतंय. बघतच राहिले. डॉक्टरीण पडद्यावर बोट ठेवून म्हणाली, "या झडपेला तीन पाकळ्या हव्यात. तुमच्या जन्मापासून दोनच. त्याही आता आखडल्यात. एवढ्याशा फटीतून सगळं रक्त ढकलतंय बिचारं."

सगळे मला आळशी म्हणायचे. मीसुद्धा. आणि हे आत जिवाच्या आकांताने राबत होतं.

२ ऑगस्ट
ऑपरेशन ठरलं. आई शेजारी येऊन बसली. "मी तुला ताटावरून उठवायची गं..."
डॉक्टरीण म्हणाली, हे घराण्यात असू शकतं, भावंडांनाही तपासून घ्या. धाकटी म्हणे, "मला काय झालंय?" तरी गेली.

५ ऑगस्ट
धाकटीचा रिपोर्ट आला. तिचीही झडप दोन पाकळ्यांची. शिवाय हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी फुगलीय, ताण पडला तर फुटू शकते. पळणं आजपासून बंद. सडपातळ, म्हणून तिला कधी कुणी तपासलंच नव्हतं. आत्ता माझ्या कुशीत येऊन झोपलीय.